हुमणीवाली काकू

जमिनीतली अळी पाहून जिचा चेहरा नव्या नवरीसारखा खुलतो अशी बाई उभ्या मराठवाड्यात एकच असेल, आणि ती आमची धाकटी काकू आहे. उस्मानपुऱ्यात राहते, कीटकनाशकांच्या एका कंपनीत नोकरी करते. नोकरी म्हणजे मक्याच्या मुळाशी औषध घालायचं आणि हुमणी मरते का ते बघायचं. हुमणी ही भुंगेऱ्याची लठ्ठ पांढरी अळी. मातीत बसून मुळं कुरतडते. तिचा विषय निघाला की काकूचा आवाज दोन पट्ट्या वर चढतो. एका लग्नात ती हिमरू शाल पांघरून अहेराच्या रांगेत उभी होती. दिवेलागणीला लॉनवरच्या कडुनिंबात भुंगेरे घोंगावले, तशी रांग सोडून धावली, फांदी गदागदा हलवली आणि शालीची झोळी घेऊन थेट स्टेजवर. "बघ गं, काय सुंदर आलेत!" नवरी उत्सुकतेनं वाकली. पुढचं व्हिडिओत आहे. घरच्या फ्रीजमधल्या डब्यातही अळ्याच. काकांनी एकदा रसमलाई समजून चमचा घातला होता; तेव्हापासून ते आमच्याकडंसुद्धा विचारल्याशिवाय डबा उघडत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात तिची चाचणी फुलंब्रीकडं काशिनाथदादांच्या रानात होती. एका पट्ट्यात कंपनीचं नवं औषध, एकात जुनं, आणि तुलनेसाठी एक पट्टा कोरा, बिनऔषधाचा. नव्या औषधावर काकूचा भारी जीव. कितीतरी हंगाम तिनं त्यात घातलेले. दादांना मात्र तो कोरा पट्टा बघवत नव्हता.

"ताई, ह्या वळींनी काय पाप केलंय? मूठभर दवा टाकू द्या की!"

"दादा, हात लावलात तर बांधावर उपोषणाला बसेन!"

आणि एके सकाळी मला वाळूजला कारखान्यात फोन. "पडला रे, पडला! गाडी घेऊन ये!" मला वाटलं, काका जिन्यावरून पडले. अर्धी रजा टाकून सुसाट निघालो. दारात काकू कुदळ घेऊन उभी, मागं काका चहा पीत धडधाकट. "अरे, काका नाही, मका!"

रानात पोचलो, तर रात्रीच्या वाऱ्यानं कोरा पट्टा आडवा झाला होता. जुन्या औषधाचा मका ताठ उभा. आणि नव्या औषधाचा? तोही कोऱ्यासारखाच झोपलेला. कंपनीचे साहेब आले होते. म्हणाले, "वाऱ्याचं काम आहे, मॅडम. हा पट्टा अहवालातून वगळू."

काकूनं त्याच पट्ट्यात कुदळ मारली, मक्याचं ताट उपटलं. मुळं जवळपास नव्हतीच. खाली अळ्या वळवळत होत्या. "जिवंत आहेत! सगळ्या जिवंत!" ती इतक्या आनंदानं ओरडली, की आपण जिंकलो की हरलो हेच मला कळेना. मग मुळं साहेबांपुढं धरून म्हणाली, "ही वाऱ्यानं खाल्ली का, साहेब? औषध चालत नाही. मी तसंच लिहिणार."

दादांनी पडलेल्या मक्यावरून हात फिरवला. "म्या पुढच्या साली हीच दवा घेणार व्हतो. बरं झालं, ताई."

परतताना काकू खिडकीबाहेर बघत बसली. क्रांती चौकात सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा हळूच म्हणाली, "मला वाटलं होतं रे, ह्या वेळी उभा राहील."

सिग्नल सुटला. मला मात्र त्या अळ्यांचा मनापासून राग आला होता. निदान हिच्यासाठी तरी मरायचं होतं त्यांनी.