अप्पा जागा बघून आले

आधीच सांगते, मी शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. लिंबू-मिरची म्हटलं की मला सरबत आणि ठेचा एवढंच आठवतं. या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर वाचले ते निव्वळ करमणूक म्हणून — कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाला घाटात म्हातारा लिफ्ट मागतो... वाचायचं, हसायचं आणि पोळ्या लाटायला उठायचं. आता लिहायची पाळी माझ्यावर आली आहे, तेव्हा तुम्हीही हसा. फिटंफाट होईल.

कात्रजला, दूध डेअरीच्या अलीकडच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. तिथे मी आणि माझे वडील — अप्पा — दोघंच राहतो. अप्पांनी ऐंशी गाठत आणली आहे. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे, आणि जीभ अजून नवी कोरी. सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. फ्लॅट त्यांच्या नावावर आहे.

मी लहान असताना आम्ही नारायण पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. स्वतःची जागा घ्यायची ठरली तेव्हा अप्पा रविवारी जागा बघायला जायचे, पण फ्लॅटच्या आत आधी पाऊल टाकायचे नाहीत. शेजारच्याची बेल वाजवायची आणि तीन प्रश्न विचारायचे. पाणी कसं येतं? कुत्री फार भुंकतात का? आणि तिसरा — इथे कुणी गेलं तर किती माणसं जमतात? तिसऱ्या प्रश्नाला आई शरमेने अर्धी व्हायची. एका सोसायटीत तर, "अहो, शुभ बोला की," म्हणत बाईंनी दारच लावून घेतलं. अप्पांनी ती जागा तिथल्या तिथे नापास केली.

इथे कात्रजला तळमजल्यावरचे जगताप काका म्हणाले होते, "आवो, आख्खी आळी येती हितं. त्या दिवशी कामावर जात नाय कुणी." जागा पास. आई गेली तेव्हा ते खरं ठरलं. खांद्याला चार माणसं लागतात, इथे पाळी मिळावी म्हणून लोक पुढे सरकत होते. फक्त माझा धाकटा भाऊ मंदार नव्हता. तो तिकडे हॉलंडमध्ये, व्हिडिओ कॉलवर होता. मध्येच म्हणाला, "ताई, फोन जरा सरळ धर ना."

तर हा मंदार गेल्या वर्षी तिकडे घर घ्यायला निघाला. उट्रेख्त शहराच्या बाहेर एक वस्ती आहे, विटांची एकसारखी घरं, पुढे कालवा, सायकली. महिनाभर तो आणि त्याची बायको केतकी ती वस्ती पारखत होते. शाळा कुठे, स्टेशन किती लांब, आवाज किती, पुढच्या काही वर्षांत घराला भाव काय येईल... लॅपटॉपवर सगळं रंगीत नकाशांत मांडलेलं. अप्पांना तो म्हणाला, "तुमच्यासाठी खालची खोली बघतोय. रस्त्याकडे खिडकी आहे, बसा दिवसभर बघत. कात्रजचा फ्लॅट विकू आणि इकडेच राहू सगळे." ताईचं काय, हे त्याने विचारलं नाही. मी पण विचारलं नाही, उत्तर ऐकायची हौस नव्हती.

अप्पा मात्र खुलले हो. इतके दिवस कुणी त्यांना जागा बघायला नेलं नव्हतं! पहिल्याच कॉलवर त्यांनी बजावलं, "नकाशे राहू देत. समोरच्या घराची बेल वाजव आणि तिन्ही प्रश्न विचार."

"हो हो, विचारलं अप्पा."

"काय म्हणाले?"

"सगळं मस्त म्हणाले." तिकडे केतकी तोंड दाबून हसत होती. आम्हाला दिसत होतं.

एका शनिवारी मंदार आम्हाला व्हिडिओवर घर दाखवत होता. तेवढ्यात तिथला एजंट आला म्हणून त्याने फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत टेकवून ठेवला. कॉल बंद झाला अशी त्याची समजूत होती. एजंट जिना चढून वर गेला — जिना कसला, शिडीच ती. खाली ही दोघंच राहिली. आणि केतकी म्हणाली, "खालची खोली त्यांना काय सांगून बसलास? तिथे तुझं ऑफिस होणार ना?"

"अगं, फ्लॅटच्या कागदांवर सही होईपर्यंत बोलायचं. मग तिथेच कात्रजला एखादा बरासा वृद्धाश्रम बघू. ताई करेल सगळं, तिला दुसरं काय काम आहे?"

"आणि नाही राहिले तिथे तर?"

"असे किती दिवस काढणार आहेत? एक हिवाळा, फार तर दोन." दोघंही हसली. मोठ्याने नाही, घरात हसावं तसं.

अप्पा स्क्रीनकडे बघत होते. मला म्हणाले, "त्याला सांग, फोन चालू आहे. उगाच नेट जाईल त्याचं."

नंतर मी मंदारला फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही, ॲडमिन पोस्ट उडवतील. त्याचं एकच पालुपद, "ताई, प्रॅक्टिकल हो." अप्पांनी मात्र त्याला एका शब्दाने विचारलं नाही. फक्त म्हणाले, "जागा बघितल्याशिवाय मी सही करत नसतो, एवढं कळव त्याला."

पुढच्या आठवड्यात मी सकाळची शाळा आटपून घरी आले, तर अप्पा जेवून खिडकीपाशी आरामखुर्चीत बसलेले. दुपारची झोप आमच्याकडे चुकत नाही, बॉम्ब पडला तरी चारनंतर पडा म्हणतील. पण त्या दिवशी त्यांनी बूट मागितले. आईच्या वर्षश्राद्धानंतर पायात न घातलेले काळे बूट. म्हणाले, "बाहेर जायचंय." वाकता येत नाही त्यांना, म्हणून नाड्या मी बांधल्या. म्हटलं, जातील खालच्या बाकापर्यंत. तर खुर्चीतच मान टाकून झोपले. उठले ते हात चोळत.

"मंदारच्या तिकडे, समोरच्या बाईकडे जाऊन आलो," म्हणाले. "हिरवं दार आहे. खिडकीत चिनी मातीची दोन कुत्री ठेवलीत, तोंडं रस्त्याकडे. खरं कुत्रं नाही, म्हणजे दुसरा प्रश्न सुटला. कॉफी दिली, बिस्किट एकच. मी घेतलं की लगेच डबा बंद. पेठेतली शोभेल."

मी हसले. स्वप्न म्हणायचं आणि सोडून द्यायचं. मग हे रोजचंच झालं. जेवण, बूट, नाड्या, झोप, आणि उठल्यावर हकिकत. एकदा म्हणाले, "पाणी नळाला चोवीस तास आहे. आणि फरशीच्या खालीही चोवीस तास आहे. विकणाऱ्याने त्याला सांगितलेलं दिसत नाही." मला वाईट वाटायचं, खरंच सांगते. वाटायचं, पोराने असं केल्यावर म्हाताऱ्याचं डोकं चाललं.

मंदारने बँकेचं कर्ज काढून ते घर घेतलंच. इथल्या फ्लॅटला त्याने गिऱ्हाईकही शोधलं होतं, फक्त अप्पांची सही राहिली होती. तिकडे किल्ल्या मिळाल्या आणि पंधरवड्यात त्याचा कुरकुरता फोन — लाकडी फरशी फुगली, उचकटून बघितली तर खाली हे पाणी! मी मनाशी म्हटलं, जुनी घरं, कालव्याकाठची, पाणी असणारच. विज्ञान आहे ते.

मग एका दुपारी अप्पा खुर्चीत घोरत असताना मंदारचा व्हिडिओ कॉल आला. आपल्याकडची दुपार म्हणजे त्यांच्याकडची सकाळची कॉफीची वेळ. तो रस्त्यात उभा होता, हातात लाडवांचा डबा, चेहरा पांढराफटक. "ताई, अप्पा कुठे आहेत?"

"कुठे असणार? समोर झोपलेत."

"दाखव."

मी फोन वळवला. तिकडून एका बाईचा आवाज आला, इंग्रजीत. हेच, हेच ते. आत्ताच तर उठून गेले. मग ती स्वतः फोनसमोर आली, सत्तरीची, छोट्या पांढऱ्या केसांची. तिच्यामागे हिरवं दार होतं. खिडकीत चिनी मातीची दोन कुत्री होती, तोंडं रस्त्याकडे. ती अप्पांकडे बघून हात हलवत होती, ओळखीच्या माणसाला हलवावा तसा.

मंदार नव्या शेजाऱ्यांना लाडू द्यायला गेला होता. नाव सांगायच्या आधीच बाई म्हणाली होती, तुझ्या वडिलांनी सांगितलंय तुझ्याबद्दल.

तेवढ्यात अप्पा जागे झाले. मिशीला बिस्किटाचा चुरा होता. अप्पांना मधुमेह आहे, घरात बिस्किट मी ठेवतच नाही. आणि माझ्या डोक्यात पहिलं काय आलं, तर आता शुगर वाढणार. माणसाचं डोकं असं असतं बघा.

"अप्पा, काय... काय बोललात तुम्ही यांच्याशी?" मंदारचा आवाज फाटला होता.

"तिसरा प्रश्न तू विचारला नाहीस, म्हणून मी विचारला," अप्पा म्हणाले. "बाई म्हणाली, इथे असं कुणी आपणहून जमत नाही. ज्याला आमंत्रणाचं कार्ड जातं तोच येतो. मग मीच म्हटलं, कार्डाची वाट बघू नका, तुम्ही तरी या. हो म्हणाली. एक झाली."

"अहो, पण कुणाच्या... अप्पा, तुम्ही काय तिकडे येऊन..."

"माझं काय रे? मला इथे खांदा द्यायला आख्खी आळी आहे, पाळी लावावी लागेल," अप्पा अगदी शांतपणे म्हणाले. "तुझं बघतोय मी. चार तरी नकोत?"

मंदारच्या हातातला डबा पडला. अप्पा मला म्हणाले, "चहा टाक. तिकडची कॉफी फार पांचट."

फ्लॅटच्या विक्रीचा विषय त्या दिवसापासून बंद आहे. गिऱ्हाइकाला मंदारनेच नाही म्हणून कळवलं. आमचं घर राहिलं, याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण अप्पा थांबलेले नाहीत. बूट रोज लागतात. मध्यंतरी उठून म्हणाले, "कोपऱ्यावरचा सायकलवाला तयार झाला. दोन." गेल्या आठवड्यात म्हणाले, "बाईच्या भावाला भेटलो. सशक्त आहे. तीन."

मंदार रोज फोन करतो आता. आईच्या आजारपणात महिन्यातून एकदा करायचा. डॉक्टरांकडून सगळ्या तपासण्या करून आलाय, काही निघालेलं नाही. अप्पांशी बोलताना रडतो, माफी मागतो, खालची खोली रंगवून घेतली म्हणतो. अप्पा म्हणतात, "छान. ओल आधी काढ." रागाने म्हणत नाहीत, तेच मला सहन होत नाही. मी एकदा विचारलं, "अप्पा, पोरगा आहे तुमचा. हे काय चालवलंय?" तर म्हणाले, "पोरगा आहे म्हणूनच ना. परक्या गावात त्याचं कोण आहे? बापाने नाही बघायचं तर कुणी?" हा शाप आहे की माया, मला आजतागायत कळलेलं नाही.

मंदार फारच हातापाया पडला म्हणून एकदा मी बूट लपवून ठेवले. अप्पा अनवाणीच झोपले. उठले तेव्हा बाहेर कात्रजचं ऊन रणरणत होतं आणि त्यांचे तळवे बर्फासारखे गार, बोटं निळी पडलेली. तासभर शेकत बसले मी. बूट परत जागेवर ठेवले.

स्पष्टीकरण कुणाकडे असेल तर द्या. स्वप्न म्हणा, योगायोग म्हणा, पण मग हिरव्या दाराचं आणि चुऱ्याचं काय ते पण सांगा. वर्गात मुलांना सांगते, दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं नसतं. सांगताना पूर्वीसारखा आवाज लागत नाही.

काल अप्पा उठून म्हणाले, "चौथा जरा आढेवेढे घेतोय. पण येईल. माणूस चांगला आहे."

आज आमची जेवणं झाली आहेत. अप्पा खुर्चीत बसलेत, पाय पुढे करून. शेजारी माझा फोन वाजतोय, मंदारचं नाव दिसतंय. उचलते. आधी अप्पांच्या नाड्या बांधून होऊ देत.