काळं कधीपासून?

सुईकाकांचा हात इतका हलका की रडकी पोरंही रक्त देताना गप्प बसायची. रक्ततपासणीच्या केंद्रात त्यांची तीस वर्षं गेली. रिपोर्ट बघून घाबरलेल्या माणसाला ते सांगायचे, "एका आकड्यावर जाऊ नका. आधी किती होता ते बघा."

एका दुपारी गर्दी नव्हती, म्हणून सहज त्यांनी स्वतःचंच रक्त यंत्राला लावलं. हिमोग्लोबिन साडेअकरा. दोन महिन्यांनी दहा. तांबड्या पेशी लहान आणि फिकट, म्हणजे लोह कमी. दोन्ही कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवले आणि घरी चकार शब्द काढला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

वैद्यबाईंकडे मात्र गेले. "थकवा येतो," एवढंच सांगितलं. बाईंनी लोहाचं आसव दिलं आणि बजावलं, "रक्त तपासून कागद दाखवा."

"दाखवतो की."

घरी जिन्यात ते मध्येच थांबायला लागले.

"अहो, काय झालं?" बायकोने विचारलं.

"वय झालं."

"वय माझंही झालंय. मी थांबते का?" तिने त्यांचा हात धरून नखं पाहिली. पांढरीफटक.

महिनाभर नेमाने औषध घेऊनही आकडा आला आठ पॉइंट सहा. त्याच दिवशी संध्याकाळी ते बायकोला घेऊन वैद्यबाईंकडे गेले आणि तिन्ही कागद टेबलावर ठेवले.

बाईंनी ते तारखेप्रमाणे लावले. "औषधाने चढायला हवं होतं. हे तर उतरतंय. शौचाला काळं होतं?"

"होतं. लोहाने होतंच की. मला ठाऊक आहे."

"लोहाने होतं, बरोबर. पण काळं कधीपासून? औषधाच्या आधी की नंतर?"

बायकोने काकांकडे बघितलं.

"आधीपासून," ते खाली बघत म्हणाले.

बाईंनी आसवाची बाटली बाजूला सारली. "मी रक्त वाढवायचं औषध देईन. पण रक्तच आत कुठेतरी गळतंय, त्याला माझ्याकडे उपाय नाही. पोटाच्या डॉक्टरांना मी फोन करते. उद्या नको, आत्ताच जा."

रिक्षात बायको म्हणाली, "तुम्हाला सगळं कळत होतं."

"कळत होतं गं," काका म्हणाले. "कळून घ्यायचं नव्हतं."

दुर्बिणीतून जठरात गाठ दिसली. तपासणीत ती कर्करोगाची निघाली. अर्धं जठर काढावं लागलं. रक्ताच्या तीन पिशव्या चढल्या.

याला आता सात महिने झाले. काका अर्धा दिवस कामावर जातात, थोडं थोडं सहा वेळा खातात. हिमोग्लोबिन बारावर आलंय. फक्त परवाच्या सोनोग्राफीत यकृतावर एक ठिपका दिसलाय. डॉक्टर म्हणाले, "महिन्याने पुन्हा बघू." बायकोने कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केलाय. जेवायला बसताना काका हल्ली कॅलेंडरकडे पाठ करून बसतात.