तेलाचं भोक डावीकडे की उजवीकडे

मी मुळात तापट. त्यात जर्मनीत, ब्राउनश्वाइगच्या कारखान्यात माझी प्रोबेत्साइट चालू होती, म्हणजे नोकरी पक्की होण्याआधीची परीक्षाच. नवऱ्याची पीएचडीची शिष्यवृत्ती संपत आलेली. माझी नोकरी गेली असती तर दोघांनाही बॅगा भराव्या लागल्या असत्या.

काम होतं जुन्या पंपांच्या कागदी ड्रॉइंगवरून संगणकावर, कॅडमध्ये, थ्रीडी मॉडेल करायचं. पुढून, वरून, बाजूने काढलेली सपाट चित्रं वाचायची आणि पडद्यावर अख्खी वस्तू उभी करायची. ती पहिल्यांदा गोल फिरते ना, तेव्हा मला अजूनही लहान मुलासारखा आनंद होतो. एका पंपाचं आवरण मात्र काही केल्या जुळेना. तेलाचं भोक पुढच्या चित्रात डावीकडे, वरच्या चित्रात उजवीकडे. कागद सगळं पोटात घालतो. मॉडेलमध्ये भोक एकाच जागी पाडावं लागतं. ताडून बघायला जुना पंपही उरला नव्हता.

"डावीकडे घ्या आणि पुढे चला," साहेब म्हणाले. "बाहेरचं वर्कशॉप मॉडेलसाठी थांबलंय."

"अंदाजाने घेणार नाही," मी म्हटलं. साहेबांचं तोंड आंबट झालं.

घरी नवरा म्हणाला, "अगं, प्रोबेत्साइट संपेपर्यंत तरी अ‍ॅडजस्ट कर ना. तुला काय पडलंय?"

पडलं होतं. भोक चुकलं असतं तर बेअरिंगला तेल मिळालं नसतं आणि पंप जळाला असता. तोंडाने ताठ होते, पण आतून पुरती घाबरले होते.

ड्रॉइंग काढणारे गृहस्थ निवृत्त होऊन गावातच राहत होते. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी त्यांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते सायकलवरून हजर. साहेबांच्या टेबलावर कागद पसरून ते बराच वेळ बघत राहिले. मी देव पाण्यात घालून उभी.

"गेनाऊ, शंका बरोबर आहे," ते म्हणाले. "भोक उजवीकडे. पुढचं चित्र मी चुकवलंय. आपल्या वर्कशॉपमधले लोक समजून घेऊन बरोबर पाडत आले, मला कुणी बोललंच नाही."

किती सहज म्हणाले! आयुष्यभराच्या नोकरीनंतर, जुन्या कारखान्यात, एका नवख्या परदेशी बाईसाठी. त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

त्यांनी कागदावर दुरुस्ती केली, खाली सही केली. शेजारी तपासणाऱ्याच्या सहीचा रकाना होता. त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

"तपासलंय यांनी. सही यांची."

"प्रोबेत्साइटमधल्या माणसाला सही करता येत नाही," साहेब म्हणाले.

म्हातारबुवांनी पेन मागे घेतलं नाही. "मग ती संपवा," ते म्हणाले.

साहेबांनी उठून आपली खुर्ची मला सही करायला पुढे ओढली.