मेजर खाली बसले

सातारा जिल्ह्यात फौजेतून पेन्शन घेऊन आलेल्या माणसाला गाव मेजर म्हणतं. तो शिपाई म्हणून घरी आला की सुभेदार म्हणून, याच्याशी गावाला काही देणंघेणं नसतं. बाळासो हवालदार होते, पण वाईपासून आत, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या त्यांच्या गावात ते मेजरच. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर सावधान-विश्रामची आरोळी त्यांची. भरतीला निघालेल्या पोरांच्या छात्या मोजायच्या त्यांनीच, आणि कुणाच्या गोठ्यात नाग निघाला तरी पहिला निरोप त्यांनाच जायचा. माणूस भित्रा नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. सीमेवर बर्फात त्यांनी पहारे केले होते, गोळीबार पाहिला होता आणि एका जखमी सोबत्याला पाठीवर घालून खाली आणलं होतं. त्यांना भीती वाटायची ती एकाच माणसाची, आणि तो माणूस घरातलाच होता.

लालासाहेब हे त्यांचे थोरले भाऊ, घरात त्यांना आण्णा म्हणत. बाळासो फौजेत असताना शेती, गुरं, म्हातारी आई, बाळासोंची बायको रतन आणि लेक शिवांजली, सगळ्यांचा भार लालासाहेबांनी उचलला. त्याचे उपकार बाळासो कधी विसरले नाहीत, आणि लालासाहेबांनी ते कधी विसरू दिले नाहीत. थोरला बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही, भावकीत त्याच्या शब्दाला शब्द लावायचा नाही, अशी त्या घराची रीत. बाळासोंनी ती फौजेतल्या हुकमासारखी पाळली. यात त्यांना कमीपणा वाटत नसे. उलट भाऊ भावाला धरून आहे म्हणून चार गावांत त्यांचं नाव निघायचं, आणि ते ऐकून मेजर मिशीतल्या मिशीत हसायचे.

या धरून राहण्यापायी त्यांनी लेक गमावली.

शिवांजली तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होती. सकाळी शेजारच्या गावच्या मैदानावर पळायला जायची आणि एसटीनं परत यायची. एक दिवस एसटी चुकली. बरोबर पळणाऱ्या, खालच्या आळीतल्या एका पोरानं तिला मोटरसायकलवरून गावात आणून सोडलं. झालं होतं ते एवढंच. पण ते लालासाहेबांच्या चहाडखोर दोस्तांनी पाहिलं, आणि संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात भावकी बसली. घराण्याची अब्रू वेशीला टांगली म्हणून लालासाहेबांनी पोरीला सगळ्यांसमोर देवापुढं नाक घासायला सांगितलं.

पोरगी रडली नाही. तिनं बापाकडं पाहिलं आणि फक्त "आबा" म्हणाली. लेकीची काही चूक नाही हे बाळासोंना स्वच्छ माहीत होतं. उठून तिचा हात धरायचा आणि घरी चालायला लागायचं, एवढंच काम होतं. बाळासोंनी मान खाली घातली. ती वर केली तेव्हा शिवांजली फरशीवरून उठत होती आणि तिच्या नाकाचा शेंडा कातडी सोलवटून लाल झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती सांगलीला मावशीकडं गेली. तिथूनच भरती झाली, तिथंच नोकरीला लागली. रतन अधूनमधून जाऊन लेकीला भेटून यायची. बाळासोंनी फोन घेतला की पलीकडून "हं" आणि "बरं" एवढंच यायचं, मग ड्यूटी निघायची. गावची जत्रा दर वर्षी यायची, सगळ्यांच्या लेकी माहेरी यायच्या, रतन पुरणाच्या पोळ्या करून शेजाऱ्यांत वाटून टाकायची. नवऱ्याला ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बाळासोंना सोपं गेलं असतं.

असं सगळं चाललेलं असताना गावात टीव्हीवाले आले.

कॉलेजातल्या पोरापोरींची मालिका होती ती, वाईच्या बाजूला बरंच शूटिंग व्हायचं तिचं. गावातल्या बायका रोज स्वयंपाक आटपून ती बघत. त्या मालिकेतल्या पोरीला गावासमोर माफी मागायला लावतात, असा प्रसंग होता आणि त्यासाठी त्यांना देऊळ हवं होतं. मालिका लिहिणाऱ्याला बाळासोंच्या घरातलं कुणी सांगितलं असेल असं नाही. अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, कुठल्याही गावात त्या हाताशीच असतात. गर्दी म्हणून गावातलीच माणसं घ्यायची ठरली आणि ज्या भावकीनं शिवांजलीला नाक घासायला लावलं, तीच भावकी धुतलेली धोतरं-टोप्या घालून त्याच सभामंडपात जाऊन बसली. कुणाला काही आठवल्याचं दिसलं नाही. जेवणात गुलाबजाम आहेत का, याचीच चौकशी जास्त चालली होती.

मिशा बघून बाळासोंना पुढच्या रांगेत बसवलं, शेजारी लालासाहेब. एक चुणचुणीत बाई सगळ्यांना समजावत होती. कुणी बोलायचं नाही, कॅमेऱ्यात बघायचं नाही, पोरगी रडायला लागली की माना खाली घालायच्या. मग तिचा धाकटा भाऊ गर्दीतून उठून पुढं येईल आणि बहिणीशेजारी उभा राहील, तेव्हा सगळ्यांनी नुसतं त्याच्याकडं पाहायचं.

दिवे लागले. मालिकेतली पोरगी देवापुढं आली. रंग फासलेली, शहरातली, कुणाची कोण, बाळासोंचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण गावचा पुढारी झालेल्या नटानं "नाक घास" म्हटलं, तिनं गर्दीकडं पाहिलं, आणि बाळासो उठून उभे राहिले.

तिचा भाऊ व्हायचा होता तो पोरगा अजून जागचा हललाही नव्हता. शूटिंग थांबलं. पहिल्यांदा कुणाला काही कळेना, मग भावकीत हशा पिकला. ती बाई धावत आली, हसून म्हणाली, "काका, तुम्ही नाही उठायचं. तुम्ही बसायचं." लालासाहेबांनी बाहीला धरून खाली ओढलं.

"बस की खाली, बाळ्या. खरं समजला काय?"

बाळासो बसले. त्यानंतर दुपारभर तोच प्रसंग पुन्हा पुन्हा घेतला, लांबून, जवळून, पोरीच्या बाजूनं, भावाच्या बाजूनं, आणि दर वेळी बाळासो मान खाली घालून बसून राहिले. शेवटी त्या बाईनं मुद्दाम येऊन त्यांची तारीफ केली. इतक्या जणांत तुमची खाली घातलेली मानच एकदम खरी वाटते, म्हणाली. ती बिचारी चांगल्या मनानं बोलली. बाळासोंना मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तो भाग टीव्हीवर लागला आणि सगळीकडं त्याचीच चर्चा. "ताईनं नाक घासायचं असंल तर आधी मी घासतो" असं म्हणून तो कोवळा पोरगा बहिणीपुढं उभा राहतो, एवढाच तुकडा लोकांनी मोबाईलवर ठेवला. बायका डोळे पुसत म्हणत, भाऊ असावा तर असा. गावाला तर आभाळ ठेंगणं झालं. त्या पोराच्या मागं, बरोबर मधोमध, मान खाली घातलेले मेजर दिसत होते. जो तो येऊन पाठीवर थाप मारायचा, मेजर, काय काम केलंय तुमी. बाळासो हसायचे आणि चुन्याची डबी चाचपायचे.

भरीला भर म्हणजे दूधसंकलन केंद्रावरच्या ऋषिराजनं शूटिंगच्या दिवशी आपल्या मोबाईलवर बाळासोंची ती चूक पकडली होती. मेजर भलत्याच वेळी उठतात, हशा होतो, लालासाहेब त्यांना खाली ओढतात. त्याला गमतीचं संगीत जोडून त्यानं तो व्हिडिओ गावभर पाठवला. रतननं तो पाहिला आणि मोबाईल उपडा ठेवला. मग नवऱ्याकडं न बघता म्हणाली, शिवालाबी गेलाय त्यो.

बाळासोंना राहवेना. दुसऱ्या दिवशी ते साताऱ्याला आले, तिथून सांगलीची एसटी धरली. काय बोलायचं ते वाटेत मनात दहादा घोळवलं. लेकीच्या खोलीचं दार वाजवलं तेव्हा त्यातला एक शब्द जागेवर नव्हता. शिवांजली नुकतीच ड्यूटीवरून आली होती, खाकी अजून अंगावर होती. लेकीला वर्दीत ते पहिल्यांदाच पाहत होते. सलाम ठोकावा असं त्यांच्या मनात आलं आणि आपल्याला तो हक्क नाही, हेही लगेच मनात आलं.

तिनं पाणी दिलं, चहा टाकला. आईची, गुरांची चौकशी केली. चहा पिऊन झाल्यावर मग तिनं सरळ विचारलं.

"त्या व्हिडिओत तुमी उठलाय. कशापायी उठला?"

"तुज्यासाठी," बाळासो म्हणाले. त्यांना वाटलं, आता सगळं ठीक होईल. लेकीला कळलं, एवढंच तर हवं होतं.

शिवांजली कपातल्या गाळाकडं बघत राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "मग परत का बसला, आबा?"

"बसा म्हनलं त्यांनी. शूटिंग हुतं त्ये."

"आनि माज्या टायमाला?"

 तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. कप विसळून ठेवले आणि स्कूटरवरून त्यांना स्टँडवर आणून सोडलं. गाडी सुटेपर्यंत थांबली, खिडकीतून बिस्किटाचा पुडा दिला. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. सगळ्या वाटेत बाळासो स्वतःला बरंवाईट बोलत होते. मालिकेतल्या परक्या पोरीसाठी आपले पाय उठले, पोटच्या पोरीसाठी उठले नाहीत, आणि उठले ते उठले, एका हाकेसरशी पुन्हा खाली बसले. वर हे सांगून लेकीकडून माफी मिळवायला निघालो होतो, याची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

जत्रा तोंडावर आली. कुस्त्या कुणाच्या लावायच्या, तमाशा कुठला आणायचा, पालखीला खांदेकरी कोण, हे ठरवायला भावकी सभामंडपात बसली. लालासाहेब मधे बसले होते. तमाशाचा विषय निघाला होता आणि सगळेच रंगात आले होते, तेवढ्यात बाळासो उठून उभे राहिले. कुणीतरी मागून म्हणालं, मेजर, आज कॅमेरा न्हाई. थोडं हसणं झालं.

"माजी पोरगी चुकली नव्हती," बाळासो म्हणाले. आवाज फाटला होता, परेडच्या मैदानावर फुटायचा तसा मुळीच नव्हता. "हितं तिला नाक घासाया लावलं. आण्णांनी लावलं, तुमी समद्यांनी बघितलं, आनि मी तिचा बाप असून गप बसलो. तुमी चुकला असाल नसाल, पर मी चुकलो."

हसणं थांबलं. लालासाहेबांचा चेहरा लाल झाला. धाकट्यानं आजवर कधी त्यांचं नाव असं चारचौघांत घेतलं नव्हतं.

"खाली बस, बाळ्या."

 लहानपणापासूनची सवय बाळासोंना खाली ओढत होती. त्यांनी खांबाला हात लावला आणि ते उभेच राहिले. लालासाहेबांनी पुन्हा सांगितलं, तरी बसले नाहीत. वाद घालायला पुढं कुणी आलं नाही आणि खरं बोलला म्हणायलाही कुणी आलं नाही. जरा वेळानं एकानं घसा खाकरून पुन्हा तमाशाचा विषय काढला, मग खांदेकऱ्यांचा निघाला. बैठक उठेपर्यंत गाव बाळासोंच्या आजूबाजूनं बोलत राहिलं आणि ते खांबाला धरून तसेच उभे राहिले. मालिकेत असं काही झालं की वाद्यं वाजतात. इथं देवळामागच्या गिरणीचा आवाज येत होता.

उभं राहून आपण मोठा पराक्रम केला, असं त्यांना एकदाही वाटलं नाही. जिच्यासाठी उभं राहायचं होतं, ती तिथं नव्हती. ती होती तेव्हा हेच पाय मेले होते. घरी गेल्यावर रतननं चेहरा पाहून विचारलं, तेव्हा त्यांनी झालं ते सांगितलं आणि शिवाला सांगू नकोस म्हणून बजावलं. सांगणं म्हणजे पुन्हा शाबासकी मागणंच झालं असतं. रतननं मान हलवली, आणि आत जाऊन पहिला फोन लेकीलाच लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळासो गोठ्यात वैरण टाकत होते तेव्हा त्यांचा मोबाईल वाजला. शिवांजलीचं नाव दिसलं. तिनं आपण होऊन त्यांना फोन करायची ही देवळातल्या त्या दिवसानंतरची पहिलीच वेळ. बाळासोंच्या हातातली पेंडी खाली पडली.

"आयनं सांगितलं," ती म्हणाली.  मागं रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते. मग तिनं विचारलं, "बैठक उठोस्तर हुबंच हुता?"

"व्हय."

"गुडघं लय दुखत्यात तुमचं. आय म्हनती, रातभर कन्हत हुता." तिचा आवाज जरा ओला झाला. "तेल लावून शेका आनि आज कुठं जाऊ नका. बसा जरा घरात."

 लेकीला सगळ्या भावकीसमोर एकटं टाकून मान खाली घालणारा बाप, आणि ती त्याच्या गुडघ्यांची काळजी करत होती. ते वैरणीच्या ढिगावर मटकन बसले, फोन कानाला तसाच ठेवून, आणि लहान मुलासारखे रडायला लागले. पलीकडून शिवांजलीनं फोन ठेवला नाही.