परतीची वीज

सदुसष्टाव्या वर्षी कमलिनीबाई देवपुजारी पुन्हा ड्रॉइंग काढायला बसल्या आणि पहिलीच रेघ त्यांना दोनदा खोडावी लागली. वयामुळे नव्हे. कारखान्याच्या नकाशा विभागात बावीस वर्षं त्यांनी ट्रेसिंग केलं होतं, तिथे त्यांची रेघ कधी हलली नव्हती.

आता नकाशा काढायचा होता तो स्वतःच्याच घराच्या वायरिंगचा. कारखान्याच्या टाउनशिपमधलं क्वार्टर सोडल्यावर सोनागिरी कॉलनीत बांधलेलं हे दोन खोल्यांचं घर. राहणाऱ्या दोघीच, त्या आणि नव्वदीच्या सासूबाई इंदुमती. सासूबाईंची फुप्फुसं थकलेली, दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकाला. लाइट गेली की मशीन थांबायचं आणि थोड्याच वेळात त्यांचे ओठ निळसर दिसू लागायचे. म्हणून छतावर सोलर आणि जिन्याखाली बॅटरी बसवायचं ठरलं. काम घेतलं श्याम मुंगीनं. इंदूरकडच्या मराठी घरातला, गोविंदपुऱ्यात त्याचं छोटं वर्कशॉप होतं.

“काकू, तुम्ही कशाला डोकं लावता? इन्व्हर्टर सगळं ऑटोमॅटिक करतो.”

“खांबावरची लाइन बंद असताना आपल्या घरातली वीज उलटी बाहेर गेली तर?”

“जात नाही. लाइन गेली की तो आपोआप वेगळा होतो.”

“आणि नाही झाला तर?”

श्याम छताची मापं घ्यायला जिन्याकडे वळला.

कमलिनीबाईंचे यजमान बाळकृष्ण टाउनशिपमध्ये लाइनमन होते. चौऱ्याण्णव सालच्या जुलैत वरून सप्लाय बंद करून ते बाजाराजवळच्या खांबावर चढले. खाली एका दुकानदारानं जनरेटर लावला होता आणि मेन स्विच पाडायचा राहिला होता. त्या दुकानातली वीज उलटी लाइनवर आली आणि ते खांबावरच गेले. त्या वेळी कमलिनीबाई सदतीस वर्षांच्या होत्या. यजमानांच्या जागी त्यांना नोकरी मिळाली. त्या दुकानदाराला त्यांनी पुढे कितीतरी वर्षं मनातल्या मनात शिव्याशाप दिले.

हे सगळं कॉलनीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते वेगळंच.

तीन दिवस त्या टेस्टर आणि पेन्सिल घेऊन घरभर फिरल्या. प्रत्येक दिवा, प्रत्येक प्लग कुठल्या तारेवर आहे ते कागदावर उतरवत गेल्या. तिसऱ्या दिवशी सापडलं की सासूबाईंच्या खोलीची परतीची काळी तार स्वयंपाकघराच्या तारेत गुंतवलेली आहे. ती खोली बॅटरीवर घेतली असती, तर आत येणारी तार नव्या बोर्डातून आणि परतणारी जुन्या बोर्डातून, असा घोळ झाला असता आणि बंद समजलेल्या जुन्या तारेत वीज आली असती.

श्यामनं जोडपेटी उघडून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. “हे माझ्या लक्षात आलं नसतं, काकू. त्या खोलीला दोन्ही तारा नव्या ओढतो.”

“आणि मीटरशेजारी, बाहेर, हातानं पाडायचा स्विच हवा. दोन्ही तारा तोडणारा. त्याला कुलूप लागलं पाहिजे.”

“बाहेर कशाला?”

“खांबावर चढणाऱ्याला दिसला पाहिजे म्हणून.”

श्यामनं मान डोलावली, पण त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाल्या, “श्याम, मी एकदा तेच केलंय.”

एकवीस सालचा मे. सासूबाई कोविडमधून नुकत्याच घरी आलेल्या. दुपारी वादळात लाइन तुटली, सिलिंडर कुठे मिळेना. कमलिनीबाईंनी शेजाऱ्यांचा जनरेटर आणला, एका वायरीच्या दोन्ही टोकांना प्लग लावले आणि घरातल्या सॉकेटमधूनच वीज आत सोडली. मशीन सुरू झालं. सासूबाईंच्या ओठांवर रंग आला. वीस मिनिटांनी त्यांना मेन स्विच आठवला. धावत गेल्या. स्विच पडलेला होता आणि त्यांचा हात त्याच्यावर होता.

“तो मी आधीच पाडला होता की तेव्हा पाडला, हे मला आजतागायत आठवत नाही.”

श्यामनं जोडपेटीचं झाकण लावलं. “चालू असता तर सगळ्या गल्लीचा लोड त्या जनरेटरवर आला असता. तो लगेच बंद पडला असता.”

“तार आमच्याच खांबावर तुटली होती. पुढे गल्ली जोडलेलीच नव्हती, मग लोड कुठून येणार?”

त्यानं त्यांचा नकाशा घडी करून खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या रेघेबरहुकूम काम सुरू केलं. आठवड्याभरात पॅनल चढले, बॅटरी लागली, मीटरशेजारी लाल दांड्याचा स्विच आला.

पंधरा दिवसांनी सकाळी दहाच्या सुमारास लाइट गेली. आत मशीनचा आवाज क्षणभरही अडखळला नाही. कमलिनीबाईंनी खिडकीतून पाहिलं, तर समोरच्या खांबाला शिडी लावलेली आणि शंकर लाइनमन पट्टा बांधत होता.

त्या तशाच अनवाणी धावल्या, लाल दांडा खाली ओढला, कुलूप घातलं. तरी धीर होईना. फाटक उघडून शिडीपाशी गेल्या.

“शंकरभैया, आमच्या घरात बॅटरी आहे. बाहेरून बंद केलंय. तुम्ही एकदा बघून घ्या.”

शंकरनं स्विच पाहिला, कुलूप ओढून पाहिलं. तेवढ्यात कमलिनीबाईंच्या तोंडून निघून गेलं, “एकवीस सालच्या मेमध्ये, वादळानंतर, या खांबावर कोण चढलं होतं?”

“मैं ही चढ़ा था। क्यों?”

“काही झालं होतं का तेव्हा?”

शंकरनं आठवून पाहिलं. “याद नहीं, माताजी। उस महीने तो रोज़ चढ़ता था।”

मग त्यानं वर जाऊन लांब काठीनं तारा तपासल्या, चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरवणारी अर्थिंगची साखळी अडकवली आणि त्यानंतरच हात लावला. बाळकृष्णांच्या वेळी अशी साखळी मिळायची की नाही, ते कमलिनीबाईंना माहीत नव्हतं. विचारायचं धैर्य झालं नाही.

“आप अंदर बैठिए, धूप है,” शंकर वरून म्हणाला.

त्या गेल्या नाहीत. कुंपणाला धरून उभ्या राहिल्या. आतून सासूबाईंनी दोनदा हाक मारली, तेव्हा “आले, आई” एवढंच म्हणाल्या. चाळीस मिनिटांनी शंकरचे दोन्ही पाय जमिनीला टेकले. मग त्यांनी त्याला पाणी आणून दिलं.