वाफाळणारा खड्डा

बेचाळीसच्या चळवळीच्या साली आई मला वांग्यांसाठी खत करायला शिकवत होती. पावसाळ्यात पालापाचोळा, शेण आणि राख यांचे थर देऊन आम्ही परसातला खड्डा भरला. थंडीत तो आतून तापला आणि सकाळी त्यातून वाफ निघू लागली.

तीच वाफ फौजदारांनी पाहिली. ते माझ्या भूमिगत भावाला शोधत आले होते.

"धूर कसला?"

"आवं सायब, शेण कुजतंय. तापणारच की!" आई म्हणाली.

त्यांनी मला खड्डा उपसायला लावला. भावाने त्यात काही पुरलं असेल का, मला ठाऊक नव्हतं. फावडं कशावर तरी खणकन वाजेल, या धास्तीने मी जपून उपसत होतो. एक बाजू उपसून अर्ध्यावर आलो तेव्हा शेणाचा एक गरम गोळा साहेबांच्या चकचकीत बुटावर पडला. साम्राज्याचा तपास तिथेच आटोपला.

ते गेल्यावर आई म्हणाली, "बरं झालं, खत खालवर झालं. या महिन्यात करायचंच हुतं."

मी उरलेली बाजूही हलवायला गेलो. तिने फावड्याचा दांडा घट्ट धरला. फौजदार गेले त्या वाटेकडे एकदा पाहिलं.

"तिकडचं राहू दे रं."