फक्त पहिलं पान

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाहीये. आणि तिला तर मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी फोन करते! तुम्हाला मात्र सांगतेय. तुम्हालाच का — ते मलाही माहीत नाही.

तर बघा, प्रिंट काढताना कॉम्प्युटरवर एक चौकोन येतो ना? सगळी पानं हवीत की ठरावीक, किती प्रती, कागदाच्या एका बाजूला की दोन्ही — असं विचारणारा. आपल्याला वाटतं, एवढं विचारतोय म्हणजे ऐकणारच. नाही का?

पन्नाशीनंतर, टायपिस्टची नोकरी सुटल्यावर, केबिन रोडवरून एक जुनं पुस्तक आणून मी प्रोग्रॅम लिहायला शिकले. शिकवणारं कोणी नव्हतं. कुतूहल तेवढं होतं — हे बटण असंच का वागतं, ते का नाही? कुकर लावून बसायची आणि शिट्ट्या मोजायला विसरायची. किती भात करपवला असेल त्या वर्षी!

शांती नगरातल्या एका वधू-वर मंडळाला मी असाच एक प्रोग्रॅम करून दिला. स्थळाची माहिती भरायची, बायोडेटा छापायचा. मंडळ शेलारकाकांचं. कॉम्प्युटरवर बसायची सुनंदा — काशीगावची, बोलकी, हात असा चपळ की मी बघत राहायची. पुढे काका म्हणाले, ताई, आमच्या आतल्या नोंदींना एक दुसरं पान द्या, पण ते बाहेर जायला नको. मी दिलं. छापताना तो चौकोनही आणला. त्यात ‘अमुक पानापासून तमुक पानापर्यंत’ हा पर्याय आधी फिका दिसायचा, निवडता यायचाच नाही. मी एक ओळ लिहिली आणि तो जिवंत झाला. काय आनंद झाला म्हणून सांगू! सगळी पानं छापून पाहिली, झकास आली. उठले.

पण तो चौकोन नुसता विचारतो हो. मिळालेलं उत्तर वाचायचं आणि तेवढीच पानं छापायची — हे आपलं आपण लिहायचं असतं. मला कुठे माहीत होतं?

— माहीत होतं. पुस्तकात पुढच्याच पानावर होतं. वाचलं होतं, उद्या करू म्हणून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात सुनंदानं एका मुलीचा बायोडेटा छापून मुलाकडच्यांना दिला. मंडळाचा प्रिंटर दोन्ही बाजूंना छापायचा. पुढे मुलीचं शिक्षण, उंची, मामाचं गाव. आणि मागे आतली नोंद — ‘आधी साखरपुडा मोडला आहे. घरचे भेटीत स्वतः सांगणार.’ भेट झालीच नाही; मुलाकडच्यांनी कागद परत पाठवला. मुलीचे वडील मंडळात आले, तेव्हा मीही तिथेच होते. ओरडले नाहीत. तो कागद मागची बाजू वर करून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले.

ते गेल्यावर काकांनी सुनंदाकडे पाहिलं.

“न्हाय काका, मी एक ते एकच टाकलेलं. शप्पत हाय.”

मग माझ्याकडे. “ताई, प्रोग्रॅममध्ये काही नाही ना?”

मला त्याच क्षणी कळलं होतं. मी म्हटलं, उद्या बघून सांगते. हे खोटं नव्हतं, नाही का? थांबा. खोटं पुढे आहे.

घरी जाऊन राहिलेल्या ओळी लिहिल्या. चारच होत्या. दुसऱ्या दिवशी लवकर गेले, काका आणि सुनंदा यायच्या आत नवा प्रोग्रॅम चढवला, आणि मग दोघांना बोलावलं. एक ते एक. टिचकी. कागद बाहेर आला — मागची बाजू कोरी.

“प्रोग्रॅम विचारतो, काका,” मी म्हटलं. “माणसानं नीट सांगायला हवं.”

सुनंदानं तो कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला. “मग माझ्याच हातनं झालं असंल,” म्हणाली.

काकांनी तिला काढलं नाही. कॉम्प्युटरवरून उठवलं आणि फोन घ्यायला बसवलं. त्या जागी नवीन मुलगी आली.

मी असं का केलं, याचं मला अजून नवल वाटतं. स्वतःलाच उघडून बघते, कुठली ओळ चुकली म्हणून. सापडतं ते फार लहान आहे. काका मला चारचौघांत ‘आमच्या इंजिनिअरताई’ म्हणायचे. ते ऐकायला मला आवडायचं. एवढंच? हो. एवढंच निघतं.

त्याला नऊ वर्षं झाली. मागच्या महिन्यात सुनंदा केबिन रोडला भेटली. केवढी आनंदली! हात सोडेना. लेकीचा कॉलेजचा फॉर्म मोबाइलवर भरून ठेवला होता तिनं — आठवडाभर तसाच, पाठवलाच नव्हता.

“ताई, तुम्ही बघा ना जरा. माझ्या हातनं चुकतंय, तुम्हाला तर ठावं हाय.”

चष्मा लावला. भर रस्त्यात उभी राहून एकेक रकाना पाहिला. एक चूक नव्हती.

“बरोबर आहे गं,” म्हटलं.

तेव्हाही बरोबरच होतं. ते नाही म्हटलं.